कात्रजचे पाणी आणि नगराची आभासी प्रतिकृती

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधण्यात आला आणि त्यातील पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळाने काही कोसांवरील शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले. हे काम ज्यांनी पार पाडले त्यांच्यापाशी समोच्च रेषांचे नकाशे नव्हते आणि आकाशातून घेतलेली छायाचित्रेही नव्हती. परंतु कोणत्या उतारावरून पाणी आपण होऊन चालेल, कोठे त्याला विसावा देऊन गाळ खाली बसू द्यावा, कोठे नळाला उच्छ्वास ठेवावा, याचे संपूर्ण चित्र त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे असले पाहिजे, एरवी वीतभर चढही न सोसणारे पाणी इतका पल्ला गाठून लोकांच्या घागरीत पडले नसते. नगराची प्रतिकृती आधी कोठेतरी उभी राहिल्यावाचून नगराची योजना होत नाही, ही गोष्ट जुनीच आहे. ती प्रतिकृती कोणाच्या मनात, कोणाच्या दप्तरात किंवा कोणाच्या यंत्रात उभी राहते, आणि ती पाहण्याचा अधिकार कोणास असतो, एवढाच काय तो प्रश्न काळागणिक बदलत जातो.

आज त्याच कात्रजला हा प्रश्न नव्याने सामोरा आला आहे. 1997 साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेले हे गाव आता शहराच्या वेशीवरचे राहिलेले नाही. 2021 साली भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही त्याच्याही वरच्या अंगाची गावे शहरात सामील झाली. स्वारगेटहून कात्रजपर्यंत सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोचे भूमिपूजन 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले. आणि ज्या डोंगरांचे पाणी तलावात उतरून पुढे आंबील ओढ्याच्या रूपाने मुठेकडे जाते, त्या डोंगरांच्या कुशीपर्यंत घरे पोहोचली. अशा भूमीचे पुढील नियोजन निव्वळ सपाट नकाशावर करावे, की संगणकात तिची त्रिमितीय, पावसापाण्यासह हालती आभासी प्रतिकृती उभारून मग करावे? केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचित केलेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात 2035 सालापर्यंत देशातील प्रमुख शहरांच्या अशा प्रतिकृती तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि तज्ज्ञ मंडळी त्यांना ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात. तेव्हा प्रतिकृती येणार की नाही हा वाद आता फारसा उरलेला नाही. ती कशी यावी याविषयी मात्र पुष्कळ बोलण्यासारखे आहे.

या वादाचे दोन्ही पक्ष माझ्या परिचयाच्या एका घरात एकाच छपराखाली नांदतात. मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साखळी ओढीत आणि हद्दीचे दगड शोधीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि गावनकाशा, फाळणीबारा, फेरफार यांतील कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवावा व कोणत्या नोंदीस प्रत्यक्ष शिवारात जाऊन विचारावे, याचा त्यांचा विवेक अजून तल्लख आहे. भाची नगररचना शिकलेली; शहरांच्या त्रिमितीय प्रतिकृती तयार करणाऱ्या मंडळींत ती काम करते. दोघांचे बोलणे मी ऐकले ते कात्रजच्या गावठाणातील त्यांच्या घरी, आणि ते येथे शक्य तितके त्यांच्याच क्रमाने मांडतो.

आरंभ भाचीने केला. ती म्हणाली, “मामा, तुमचा नकाशा अमुक गटाची हद्द अमुक ठिकाणी संपते एवढे सांगतो, आणि ते फार महत्त्वाचे आहे हे मला मान्य आहे. पण तो उंची सांगत नाही. वर डोंगरावर शंभर घरे झाली तर खाली कोणाच्या दारात पाणी जाईल हे सांगत नाही. आम्ही विमानातून किंवा ड्रोनवरून प्रकाशाचे लक्षावधी स्पंद जमिनीकडे सोडतो, ते परतायला लागलेल्या वेळावरून एकेका बिंदूची उंची काढतो, आणि पानांच्या फटींतून खाली उतरलेले स्पंद वेगळे केले म्हणजे झाडे व इमारती बाजूला सारून उघडी भूमी दिसू लागते. तिच्यावर आम्ही इमारती, रस्ते, मोऱ्या, पूल पुन्हा बसवतो. मग या भूमीवर तासाला इतका पाऊस पाडून पाहा, कात्रज चौकातली मोरी अर्धी तुंबली आहे असे धरून पाहा, ओढ्याच्या काठावर भिंत बांधून पाहा. आणि भिंत बांधल्याने समोरच्या काठाला काय सोसावे लागते तेही पाहा. विटेवर वीट चढण्यापूर्वी हे सारे पाहता येते. सिंगापूरने 2014 साली आपल्या सबंध देशाची अशी प्रतिकृती हाती घेतली आणि तिच्यासाठी 7 कोटी 30 लाख सिंगापुरी डॉलर काढून ठेवले, ते हौसेखातर नव्हे.”

मामांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि ते एकदम दोनशे वर्षे मागे गेले. “प्रतिकृतीची मोहिनी आपल्या पुणे जिल्ह्याला नवी नाही,” ते म्हणाले. “पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, 1828 च्या सुमारास, प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने येथे जमिनीची पाहणी मांडली. प्रत्येक शेताची प्रत ठरवायची, पीक किती येते, बैल, बियाणे, मजुरी यांवर खर्च किती होतो, याचा हिशेब करून निव्वळ उत्पन्न काढायचे, आणि त्याचा पंचावन्न टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा. मुळात कल्पना इतकी तर्कशुद्ध होती की तीत दोष काढणे कठीण. पण शेतावर गेलेल्या हाताखालच्या माणसांनी पैसे खाऊन प्रतवाऱ्या फिरवल्या, मोजण्या चुकल्या, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर बिनचूक गणित उभे राहिले. सारा इतका चढला की रयतेने जमिनी टाकून दिल्या. पुढे 1836 साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ते उत्पन्नाचे सूक्ष्म हिशेब बाजूला ठेवले, गावांची खरी स्थिती पाहिली, दर उतरवले आणि तीस वर्षांची जमाबंदी बांधून दिली, ती टिकली. पोरी, तुझे यंत्र प्रिंगलसाहेबापेक्षा लाख पटींनी हुशार असेल, पण त्याच्या पोटात जाणारी नोंद कोण करतो, हा माझा प्रश्न तिथेच उभा आहे.”

“मग खडकवासल्याला काय म्हणाल?” भाचीने विचारले. “1916 साली मुंबई इलाख्याने सुरू केलेल्या कामातून वाढलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र तुमच्या घरापासून फार दूर नाही. तिथे विटा, वाळू आणि सिमेंट वापरून नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधतात, त्यांतून खरे पाणी सोडतात आणि धरणाच्या सांडव्याचा आकार ठरवतात. त्या प्रतिकृतींवर इतक्या धरणांची सुरक्षितता विसंबून आहे, ती का? कारण तिथे प्रतिकृती बांधून झाली म्हणजे काम संपत नाही. खऱ्या नदीत मोजलेली पातळी प्रतिकृतीत आपोआप येते की नाही हे आधी तपासतात, आणि येत नसेल तर येईपर्यंत प्रतिकृती दुरुस्त करतात. तुमच्या प्रिंगलने ही परीक्षा घेतली नाही. आमच्या संगणकातल्या प्रतिकृतीलाही तीच परीक्षा लागू आहे, आणि ती घेतल्यावाचून कोणी रंगीत चित्र पुढे केले तर त्याला तुम्ही खुशाल घरी पाठवा.”

मला वाटते, या ठिकाणी वादाला खरे वळण लागले. कारण परीक्षेचा विषय निघताच मामांनी कात्रजपुरती ती परीक्षा कोणती हे तत्काळ सांगून टाकले. “25 सप्टेंबर 2019 ची रात्र,” ते म्हणाले. त्या रात्री दक्षिण पुण्यावर जो पाऊस कोसळला त्याने कात्रजच्या डोंगरांतून निघालेला आंबील ओढा काठ सोडून वस्त्यांत शिरला. अरण्येश्वर परिसरातील टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली, सहकारनगरपासून दांडेकर पुलापर्यंत घरे, दुकाने, वाहने पाण्याने ओढून नेली, आणि शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. “तुझ्या प्रतिकृतीत त्या रात्रीचा पाऊस पाड,” मामा म्हणाले, “आणि पाणी ज्या घरात ज्या उंचीपर्यंत चढले होते त्या घरात तितकेच चढते का ते मला दाखव. चढले तर मी तुझी प्रतिकृती माझ्या गावनकाशाच्या शेजारी मांडीन. नाही चढले, तर का नाही चढले ते शोध. कोठेतरी एखादी मोरी तू नकाशात मोठी धरली असशील, पण जागेवर तिच्यात राडारोडा भरलेला असेल, किंवा एखादा ओहोळ माझ्या जुन्या गावनकाशात असेल आणि तुझ्या आकाशातून घेतलेल्या चित्रात नसेल, कारण त्याच्यावर आज रस्ता आहे. पाणी मात्र जुन्या नकाशाप्रमाणेच चालते.”

शेवटच्या वाक्यात जो मुद्दा आहे त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. आकाशातून पाहणाऱ्या यंत्राला जे दिसते ते आजचे दिसते आणि वरवरचे दिसते. आंबील ओढ्याचा प्रवाह एकदा पेशवाईत वळवला गेला, नंतरच्या काळात जागोजागी अरुंद झाला. कात्रजचा पेशवेकालीन नळ तर जन्मापासूनच भूमिगत. ज्या दिशेने ते पाणी शहराकडे गेले त्याच दिशेने आता जमिनीच्या पोटातून मेट्रोही जावयाची आहे. मलवाहिन्या, जलवाहिन्या, विजेच्या तारा, बुजवलेल्या विहिरी, यांतील एकही गोष्ट ड्रोनला दिसत नाही. भाचीने हे नाकारले नाही. तिचे म्हणणे असे, की जुना गावनकाशा संगणकात घेऊन त्यावरील न हललेल्या खुणा, म्हणजे देवळे, तिवठे, हद्दीचे दगड, आजच्या भूमीशी जुळवल्या तर बुजलेला ओहोळ कोणत्या इमारतीखाली आहे हे काही तासांत कळते, आणि हे काम कागदावर कागद ठेवून पिढ्यान्‌पिढ्या झाले नसते. हे तिचे म्हणणे मला बिनतोड वाटते. आणि प्रतिकृतीच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद मी ऐकलेला नाही. गावनकाशांची ही दप्तरे आज निरनिराळ्या कचेऱ्यांत एकमेकांशी अबोला धरून बसलेली आहेत, त्यांना एका भूमीवर आणून बोलते करण्याचे सामर्थ्य या विद्येत निश्चित आहे.

मग प्रसंग डोंगरांचा आला, आणि येथे मामांचा स्वर कठोर झाला. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांप्रमाणे 1:5 वा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामास मनाई आहे. 1997 साली आलेल्या गावांतील 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, आणि 2015 साली राज्य सरकारने ते मान्य करून जमीनमालकांना 8 टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केले. त्या मोबदल्याचा तंटा अजून लोकांच्या मनांतून गेलेला नाही. “उतार मोजण्यात तुझे यंत्र माझ्या साखळीला हरवणार हे उघडच आहे,” मामा म्हणाले. “पण ज्या दिवशी यंत्र उडाले त्याच्या आदल्या आठवड्यात कोणी डोंगर फोडून सपाटी केली असेल, तर यंत्र काय सांगेल? इथे उतार नाही, जमीन समतल आहे, असेच सांगेल, आणि ते खरेही असेल. मग डोंगर राखणाऱ्याला आरक्षण आणि डोंगर फोडणाऱ्याला परवाना, असा न्याय तुझ्या प्रतिकृतीच्या साक्षीने होईल. 2013 च्या जूनमध्ये कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ फोडलेल्या डोंगरावरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई आणि तिची लहानगी मुलगी त्यात वाहून गेल्या. डोंगर कोणत्या तारखेचा धरायचा, हे आधी ठरवा.”

भाची क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, “मामा, हाच तर प्रतिकृतीचा उपयोग आहे. कागदी नकाशा वीस वर्षांनी एकदा होतो. मधल्या वीस वर्षांत डोंगर कोणी आणि केव्हा कापला याला साक्षीदार नसतो. प्रतिकृती दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर घेतली, प्रत्येकीवर तारीख घातली आणि जुनी पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाच ठेवला नाही, तर या वर्षीच्या भूमीतून गेल्या वर्षीची भूमी वजा करता येते. किती घनमीटर मुरूम गेला, कोणत्या गटातून गेला, सगळे निघते. तुमचा फेरफार जमिनीच्या मालकीचा इतिहास ठेवतो. हा जमिनीच्या आकाराचा फेरफार समजा. उतार मोजायचा तो पहिल्या, मूळ प्रतिकृतीवर, एवढा एक नियम करा.”

मामांनी मान हलवली, पण तेवढ्यावर ते समाधान पावले नाहीत. नियम करणारा कोण आणि मोडणारा कोण हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेले होते. त्यांची पुढची शंका यंत्राविषयी नव्हती. ती यंत्राच्या मालकाविषयी होती. “न्यूयॉर्क शहराची प्रतिकृती 1964 च्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली होती, तू मला तिची चित्रे दाखवली होतीस,” ते म्हणाले. “लक्षावधी इमारती त्यात अगदी प्रमाणात बसवलेल्या. ती ज्याच्या पुढाकाराने झाली त्या रॉबर्ट मोझेसने त्याच शहरात महामार्गांसाठी वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. इतक्या उंचीवरून पाहणाऱ्याला घर दिसते, घरातले माणूस दिसत नाही. तो बोटाने एक रेघ ओढतो आणि खाली चाळीस बिऱ्हाडे बेघर होतात. आपल्याकडे 24 जून 2021 रोजी, ऐन पावसाळ्यात, ऐन साथीच्या काळात, दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठची घरे पाडायला यंत्रे गेली आणि न्यायालयाच्या स्थगितीने ती थांबली. त्या लोकांचे म्हणणे ओढ्याच्या मूळ मार्गाविषयीही होते. तुझ्या प्रतिकृतीत ओढा कोठून वाहतो असे दाखवशील, ज्याच्या हाती संगणक आहे तो सांगेल तेथून की ज्याच्या दारावरून वाहत आला तो सांगेल तेथून?”

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, आणि भाचीने तो टाळला नाही. तिने पॅट्रिक गेडिसचे नाव काढले. हा स्कॉटिश पंडित 1914 साली हिंदुस्थानात आला. त्याचे नगररचनेचे अवघे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले तरी न खचता त्याने ते नव्याने उभे केले. अनेक शहरांच्या पाहण्या केल्या. आणि 1919 साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. एडिंबरोत गेडिसने एक उंच मनोरा चालवला होता. त्याच्या माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत भिंगे आणि आरसा यांच्या योगाने बाहेरच्या शहराचे जिवंत, हालते चित्र पांढऱ्या मेजावर उतरत असे. “आमच्या आभासी प्रतिकृतीची ती पणजी म्हणा,” भाची म्हणाली. “परंतु गेडिस लोकांना मनोऱ्यावर चढवून तिथेच ठेवत नसे. एकेक मजला उतरत शहरापासून जगापर्यंत ओळख करून देई. आणि हिंदुस्थानातल्या शहरांत तर तो तासन्‌तास गल्ल्यांतून पायी हिंडे, कारण रोगाचे निदान झाल्याशिवाय शस्त्र चालवू नये असा त्याचा आग्रह होता. मोझेस आणि गेडिस दोघांपाशीही प्रतिकृती होती. फरक त्यांच्या पायांत होता.”

“पाय कोणाचे चालतात हे कायदा ठरवीत नाही,” मामा म्हणाले.

“कायदा एवढे ठरवू शकतो, की प्रतिकृती सर्वांना पाहता आली पाहिजे,” भाचीने उत्तर दिले. “हेलसिंकी शहराने आपली त्रिमितीय प्रतिकृती खुली करून ठेवली आहे, कोणीही ती उतरवून घेऊन स्वतःची गणिते करू शकतो. आपल्याकडे 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात हरकती व सूचना यांची तजवीज आहेच. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा 2013 साली प्रसिद्ध झाला तेव्हा पुणेकरांनी ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल केल्या. त्यांतल्या किती जणांना तो नकाशा खऱ्या अर्थाने वाचता आला असेल? रंगीत पट्टे आणि आद्याक्षरे पाहून आपल्या घरावर काय येणार आहे हे सामान्य माणसाला उमगत नाही. त्याच माणसाला त्याच्या गल्लीत उभे करून, इथे पूल येईल, त्याची सावली तुझ्या खिडकीवर इतके तास पडेल, ओढ्याची भिंत इथवर येईल, असे दाखवले तर त्याची हरकत नुसती कुरकुर राहणार नाही, ती साधार होईल. पूररेषेचेच पाहा. मुठेची निळी रेषा 60,000 क्युसेक विसर्गाच्या हिशेबाने आखलेली. पण 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सुमारे 35,000 क्युसेक सोडले गेले असता सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. रेषा फक्त आत आणि बाहेर एवढेच सांगते. किती पाणी सोडले की कोणत्या इमारतीच्या कोणत्या पायरीला लागते, हे रहिवाशाला आदल्या संध्याकाळी सांगायचे तर प्रतिकृतीच लागते.”

येथवर बोलणे आले असता मामांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते या सबंध वादाचा निवाडा तिच्यात आहे. गावठाणांना पूर्वी मोजणी नव्हती. शेतजमिनीचा गट नकाशावर असे, पण ज्या घरात माणूस जन्मला त्या घराची हद्द कोणत्याच दप्तरात नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांच्या खात्याने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग केला, आणि एप्रिल 2020 मध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर करून तशी मोजणी देशभर नेली. “ड्रोन उडण्याआधी काय करावे लागते ठाऊक आहे ना?” मामा म्हणाले. “गावकऱ्यांना जमवायचे, घरमालक आणि शेजारी दोघांना उभे करायचे, आणि त्यांच्यासमक्ष प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ ओढायची. मग ड्रोन वर जातो आणि ती पांढरी रेघ टिपतो. रेघ नसेल तर ड्रोनला छप्पर दिसेल, हद्द दिसणार नाही. दोन सख्ख्या भावांतला बोळ कोणाचा हे आकाशातून कळत नाही. तुझी प्रतिकृती मला अमान्य नाही, बाळ. कात्रजची प्रतिकृती करताना चुन्याची रेघ ओढायला कोणाला बोलावणार आहात, ते मला सांग.”

भाचीने तत्काळ होकार दिला असे झाले नाही. तिने अडचणी मांडल्या: लोकांच्या आठवणी परस्परविरोधी असतात; जो तो आपल्या दारचे पाणी शेजाऱ्याच्या दारात दाखवतो; मुदती ठरलेल्या असतात आणि कामाचे पैसे चौरस किलोमीटरवर मिळतात, भेटी दिलेल्या घरांवर मिळत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत. विशेषतः शेवटची फार खरी आहे, आणि ती तंत्राची नसून निविदेच्या मसुद्याची आहे. काम देणाऱ्या कचेरीने शर्तींत एक कलम घातले, की प्रतिकृती 2019 च्या पुराच्या लोकांनी दाखवलेल्या खुणांशी जुळवून दाखवल्याशिवाय अखेरचे देयक मंजूर होणार नाही, तर ती अडचण दूर होण्यासारखी आहे.

माझे मत मी लपवून ठेवू इच्छीत नाही. कात्रजसारख्या भूमीला, जेथे डोंगर, तलाव, ओढा, महामार्ग, भुयारी मेट्रो आणि नव्याने आलेली गावे एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, सपाट नकाशा पुरेसा नाही, आणि या बाबतीत भाचीचा पक्ष सत्याचा आहे. परंतु जी प्रतिकृती कचेरीतील बंद खोलीत राहते, सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर झळकते आणि हरकतीच्या सुनावणीत नागरिकास नाकारली जाते, तिच्यापेक्षा मामांचा दगडनिशाणी दाखवणारा मळका गावनकाशा मी अधिक विश्वासार्ह मानीन. कारण त्याच्यावर वाद घालता येतो. 2021 साली हद्दीत आलेल्या गावांची विकास योजना जेव्हा प्रसिद्ध होईल तेव्हा तिच्याबरोबर या परिसराची प्रतिकृती, मूळ तारखेच्या भूमीसह, हरकतींच्या संपूर्ण मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात मराठीतून पाहावयास मिळाली पाहिजे, आणि तीवर दाखवलेली प्रत्येक त्रुटी लेखी हरकत म्हणून नोंदली गेली पाहिजे. ही मागणी महापालिकेने आपण होऊन पुरी करावी हे उत्तम. न केल्यास ती नागरिकांनी दरखास्तीने करावी.

आणि एक काम महापालिकेची वाट न पाहता करण्याजोगे आहे. भिलारेवाडीपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठी राहणाऱ्या ज्या कुटुंबांच्या भिंतींवर त्या सप्टेंबरच्या पाण्याची खूण अजून राहिली असेल, त्यांनी ती रंगाखाली झाकण्यापूर्वी जमिनीपासून तिची उंची मोजावी, तारीख घालून छायाचित्र काढावे, पाणी कोणत्या बाजूने आले ते दोन ओळींत लिहावे, आणि तो कागद आपापल्या क्षेत्रीय कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी.